नवी तेज गाडी आणि सर्व्हिस सेंटरचा भरवसा

मागच्या एप्रिलमध्ये पहिली सर्व्हिस करून गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन तापायच्या आत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. गाडी रात्रभर सपाट फरशीवर उभी, इंजिन थंड. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढली, फडक्याने पुसली, आत घातली, परत काढली. ऑइल वरच्या खुणेच्या जवळजवळ बोटभर वर. माझंच काही चुकलं असेल म्हणून आणखी दोनदा पाहिलं. तेच. मग बिल काढून वाचलं: इंजिन ऑइल, ५ लिटर. मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट ४.२ लिटर लिहिलेलं.

म्हणजे कोणीतरी पाच लिटरचा कॅन फोडला आणि पूर्ण ओतला. हेतू वाईट नव्हता. शेजारच्या बेमध्ये, म्हणजे गाडी उभी करून काम करायच्या जागेत, जी गाडी रोज येते तिला तेवढंच लागत असणार, हाताला तीच सवय.

जास्त ऑइल असलं तर बिघडलं कुठे, असं मलाही सर्व्हिस ॲडव्हायझरने फोनवर विचारलं. ‘साहेब, कमी असण्यापेक्षा थोडं जास्त बरं.’ नाही. इंजिनच्या खाली चेंबरमध्ये ऑइल साठलेलं असतं आणि त्याच्या थोडं वर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरत असते. पातळी प्रमाणाबाहेर गेली की क्रँकशाफ्ट ते ऑइल घुसळायला लागते आणि रवीने ताक घुसळावं तसा फेस येतो. फेसात हवा असते, आणि हवा वंगणाचं काम करत नाही. शिवाय जादा ऑइल हवेच्या वाटेने परत इंजिनात ओढलं जाऊन जळतं, त्याची काजळी व्हॉल्व्हवर बसते. त्याच दिवशी गाडी परत नेली आणि जादाचं ऑइल काढून घेतलं.

माझ्या ओळखीतल्या तीन-चार जणांनी वर्षभरात दीडशे हॉर्सपॉवरच्या आसपासच्या किंवा त्याहून दणकट, म्हणजे तेज गाड्या घेतल्या आहेत. सर्व्हिसचा विषय निघाला की सगळ्यांचं एकच: ‘शोरूमलाच देऊन राहिलो ना भाऊ, मग काय टेन्शन?’ त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या बाकीच्यांसाठी हे लिहितो आहे. शोरूमला गाडी द्यावीच, मीही देतो. पण आपण नेमकं कोणाच्या हाती काय देतो आहोत हे कळलं की गाडी देताना काय बोलायचं आणि घेताना काय बघायचं ते आपोआप सुचतं.

पाटी कंपनीची, दुकान डीलरचं

आमच्या नागपुरात वर्धा रोडवरून जाताना काचेच्या मोठ्या शोरूम दिसतात. पाटीवर गाडीच्या कंपनीचं नाव, भिंतीचा रंग कंपनीने ठरवलेला, मुलांच्या शर्टावर कंपनीचाच लोगो. दुकान मात्र डीलरचं. डीलर ही वेगळी, स्वतंत्र संस्था असते. ती कंपनीकडून गाड्या आणि पार्ट विकत घेते, जागा, पगार, कर्ज सगळं तिच्या डोक्यावर. कंपनी ट्रेनिंग देते, कामाची पद्धत ठरवून देते, अधूनमधून तपासणीला येते. पण तुमच्या चाकाचा नट आवळणारा हात डीलरच्या पगारावर असतो.

आता त्या हातावर काय काय ओझं आहे ते पाहा. नवी गाडी विकून डीलरच्या पदरात फार उरत नाही; सर्व्हिस, पार्ट आणि इन्शुरन्स यावर दुकान चालतं. प्रत्येक कामाला किती वेळ लागावा हे कंपनीने ठरवून दिलेलं असतं आणि मजुरी त्या ठरलेल्या वेळेची मिळते, मग प्रत्यक्षात कितीही लागो. टेक्निशियनने लवकर उरकलं तर त्याच दिवसात आणखी एक गाडी होते. वॉरंटीच्या कामाचे पैसे तुमच्याकडून नाही, कंपनीकडून येतात, तेही कंपनीच्या दराने आणि कागद चोख असले तरच. निदान चुकलं, क्लेम नाकारला गेला, तर भुर्दंड डीलरला. म्हणून तुम्ही ‘डावीकडून आवाज येतो’ म्हणालात की ‘हे नॉर्मल आहे साहेब’ हे उत्तर इतक्या पटकन येतं. ते नेहमी खोटं नसतं, पण ते कुठून येतं हे माहीत असावं.

माझ्या मते मोठा धोका लबाडीचा नाहीच, सवयीचा आहे. दिवसाला तीस-चाळीस साध्या गाड्या करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तेज गाडी महिन्यातून एखादीच येते. आपल्याकडे या गाड्या मुंबई-पुण्याच्या मानाने कमी, त्यामुळे त्या मॉडेलवर हात बसलेले लोक एक-दोनच असतात आणि तुमच्या दिवशी नेमके ते असतील याची खात्री नसते.

तेज गाडी वेगळी कुठे असते

टर्बोपासून सुरुवात करू. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर एक छोटी चक्री फिरते आणि ती इंजिनात जास्त हवा कोंबते. ही चक्री मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाते. तिचा दांडा बहुतेक गाड्यांत साध्या अर्थाने बेअरिंगवर टेकलेला नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल चुकीचं, जुनं किंवा फेसाळलेलं असेल तर पहिला मार तिथे बसतो.

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा घट्टपणा. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ॲडव्हायझरही इथेच थांबतो: ‘५डब्ल्यू-३०च आहे साहेब, सिंथेटिक आहे.’ पण घट्टपणा सारखा असलेली दोन ऑइलं रसायनाने अगदी वेगळी असू शकतात. कमी आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या), वरच्या गिअरमध्ये, अचानक ॲक्सिलरेटर दाबला की छोट्या टर्बो इंजिनांत कधीकधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. तो दणका इतका जबरदस्त असतो की पिस्टन फुटू शकतो. ऑइलमध्ये कोणतं डिटर्जंट वापरलं आहे याचा त्याच्याशी थेट संबंध आहे. कॅल्शियमचं प्रमाण जास्त असलं की धोका वाढतो. म्हणून २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या दर्जात या एका गोष्टीसाठी वेगळी चाचणी आहे. त्याशिवाय फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांचे स्वतःचे मान्यता-क्रमांक असतात. मॅन्युअलमध्ये जो क्रमांक छापला आहे तोच डब्यावर हवा.

अडचण अशी, की पुष्कळ वर्कशॉपमध्ये ऑइल बॅरलमधून येतं. वर टांगलेली गन ओढायची, आकडा टाकायचा, भरायचं. जे मॉडेल जास्त विकलं जातं त्याचं ऑइल बॅरलमध्ये असतं. तुमच्या गाडीचं वेगळं असेल तर ते डब्यात मागवावं लागतं आणि मागवलेलं नसेल तर काय होईल ते सांगायला नको. मी आता चार-पाच दिवस आधी फोन करून विचारतो: या मान्यतेचं ऑइल आणि फिल्टर स्टॉकमध्ये आहे का? नसेल तर आल्यावर येतो. आणि रिकामा डबा डिकीत टाकून द्या म्हणून सांगतो. कोणी वाईट वाटून घेत नाही.

कधीकधी पूर्ण सर्व्हिसच नजरेतून सुटते. बीएमडब्ल्यूच्या खऱ्या एम गाड्या, म्हणजे एम२, एम३, एम४ यांना २,००० किलोमीटरवर रनिंग-इन सर्व्हिस लागते. त्यात इंजिन ऑइल आणि मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइल बदलतात, कारण नवे दाते एकमेकांवर बसताना झिजलेला धातूचा बारीक चुरा त्यात असतो. ‘पहिली फ्री चेकअप आहे, वॉशिंग करून देतो’ या सवयीच्या वाक्यात ही सर्व्हिस हरवू शकते.

गिअरबॉक्सचंही असंच. ‘ऑटोमॅटिकचं ऑइल लाइफटाइम असतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. फोक्सवॅगन गटाच्या सहा गिअरच्या वेट क्लच डीएसजीला (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ज्याचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात) ६०,००० किलोमीटरवर ऑइल बदलावं लागतं, तर त्यांच्याच सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची व्यवस्था वेगळी आहे. झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स अनेक महागड्या गाड्यांत असतो. गाडीची कंपनी लाइफटाइम म्हणते आणि बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. दोघांत मी बॉक्स बनवणाऱ्याचं ऐकेन.

पान्हा आणि टक असा आवाज

टॉर्क हा शब्द आपण ब्रोशरमध्ये वाचतो, पण सर्व्हिसमध्ये त्याचा अर्थ वेगळ्या जागी कामाला येतो. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. एक मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला साधारण शंभर ग्रॅम वजन टांगलं की नटावर एक न्यूटन मीटर जोर पडतो. युरोपियन गाड्यांच्या चाकांच्या बोल्टना बहुधा १२० ते १४० न्यूटन मीटर लागतो, म्हणजे त्याच पान्ह्याला १२ ते १४ किलो. चेंबरचा नट, जो काढून जुनं ऑइल सोडतात, त्यामानाने नाजूक: फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच इंजिनांत तो ३० न्यूटन मीटर, म्हणजे जेमतेम तीन किलो. आणि तो दर वेळी नवा घालायचा असतो.

हवेवर चालणाऱ्या इम्पॅक्ट गनने चाक खोलायला हरकत नाही. बसवतानाही तीच गन शेवटपर्यंत दाबली की बोल्ट गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळला जातो, तोही प्रत्येक बोल्ट वेगळ्या जोराने. मग ब्रेकची डिस्क किंचित तिरपी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर शंभरच्या वेगात ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं. आणि समृद्धी महामार्गावर चाक पंक्चर झालं तर डिकीतल्या छोट्या पान्ह्याने तो बोल्ट हलत नाही, उभं राहून पाय दिला तरी. चेंबरचा नट जास्त आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि त्या एका चुकीचं बिल पूर्ण चेंबरचं होतं.

म्हणून मी एकच गोष्ट विचारतो: ‘दादा, शेवटी टॉर्क रेंच लावणार ना?’ ठरलेला जोर झाला की टॉर्क रेंच ‘टक’ वाजतो आणि हाताला तो झटका कळतो. पाच बोल्ट, पाच टक. कस्टमर लाउंजच्या काचेतूनही हे दिसतं, फक्त चहाचा कप घेऊन तिथे उभं राहावं लागतं.

टायरच्या बाबतीत दोन गोष्टी. तेज गाडीच्या टायरवर बऱ्याचदा फिरण्याच्या दिशेचा बाण असतो आणि काही गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. दर सर्व्हिसला ‘टायर रोटेशन’, म्हणजे चाकांच्या जागांची अदलाबदल, सवयीने होतं. अशा गाडीत ते एक तर मर्यादित होतं किंवा होतच नाही. गाडी परत घेताना चारही बाण चाक पुढे जाताना फिरतं त्याच दिशेचे आहेत का बघायला एक मिनिट लागतं. दुसरं म्हणजे हवा. सर्व्हिसनंतर चारही टायरमध्ये सरसकट एकच आकडा भरलेला मला दोनदा सापडला आहे. दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यात पुढचा-मागचा आकडा वेगळा असू शकतो, आणि तो थंड टायरचा असतो. मे महिन्यात भर दुपारी गाडी चालवून आल्यावर तीन-चार पीएसआय जास्त दिसणारच. ती हवा काढायची नसते.

ब्रेक फ्लुइडकडे, म्हणजे पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या द्रवाकडे, तर कोणी बघतही नाही. ते हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर उतरते. शहरात फरक जाणवत नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरताना, गाडी भरलेली असताना, वळणावळणावर ब्रेक मारताना जाणवतो. फ्लुइड उकळून वाफ झाली की पेडल मऊ पडतं, कारण वाफ दबते. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात. गाडी कमी चालली असेल तर ॲडव्हायझर म्हणतो, पुढच्या वेळी करू. ओलावा किलोमीटर मोजत नाही, दोन वर्षं झाली की बदलून घ्या.

‘एक राउंड मारून बघतो’

सगळ्यांच्या मनात असलेली भीती हीच. आपण आठशे किलोमीटर हळुवार चालवलेली गाडी कोणी थंड इंजिनवर पिळून तर काढणार नाही ना? सर्व्हिसनंतर टेस्ट ड्राइव्ह गरजेची असते हे मान्य. ब्रेकचं काम झालं असेल, आवाजाची तक्रार असेल तर चालवल्याशिवाय कळणार कसं? पण दोन-चार किलोमीटर पुरतात. मी गाडी देताना ॲडव्हायझरच्या समोर ओडोमीटरचा, पेट्रोलच्या काट्याचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो काढतो. गाडीत डॅशकॅम चालू आहे हेही तोंडावर सांगतो. लपवून ठेवण्यात मला गंमत वाटत नाही, आणि सांगितल्याने काम जास्त जपून होतं. तक्रार आवाजाची असेल तर मी सांगतो, फोरमनसोबत मीच चालवतो, तुम्ही शेजारी बसा.

आणि कायदा इथे फार जुना आणि फार स्पष्ट आहे. सर्व्हिसला दिलेली गाडी कायद्याच्या भाषेत ‘निक्षेप’ असते: एखाद्या कामासाठी आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं आणि काम झाल्यावर परत घेणं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १४८ पासून हा विषय येतो. कलम १५१ सांगतं, की ताब्यात घेणाऱ्याने ती वस्तू अशी जपावी जशी एखादा समंजस माणूस स्वतःची तशीच वस्तू जपेल. कलम १५४ आणखी पुढे जातं: ठरल्याबाहेर वापर केला तर झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावीच लागेल. या कलमाखाली कायद्यानेच उदाहरणं दिली आहेत. एकाने दुसऱ्याला घोडा दिला, फक्त त्याच्या स्वतःच्या स्वारीसाठी. त्याने तो घरातल्या तिसऱ्याला चालवायला दिला. तिसऱ्याने नीट, काळजीपूर्वक चालवला, तरी घोडा अपघाताने पडला आणि जखमी झाला. जबाबदार कोण? ज्याने घोडा घेतला तो. काळजी घेतली होती ही सबब तिथे चालत नाही, कारण तसा वापर ठरलेलाच नव्हता. दुसऱ्या उदाहरणात बनारसला जायला म्हणून भाड्याने घेतलेला घोडा एक जण कटकला नेतो, निकाल तोच. घोड्याच्या जागी तुमची गाडी आणि बनारसच्या जागी वर्कशॉपमागचा रस्ता ठेवून पाहा. म्हणून जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना कामं लिहून सही घेतात त्या कागदावर, ‘टेस्ट ड्राइव्ह फक्त गरजेपुरती, कमाल ५ किमी’ अशी एक ओळ मी लिहून घेतो. वापर कशासाठी दिला ते त्या ओळीने ठरतं.

गाडीही स्वतः काही नोंदी ठेवते. पोर्शेच्या इंजिन कंप्युटरमध्ये आरपीएम मर्यादेबाहेर किती वेळा आणि किती गेले याची पातळीनिहाय नोंद असते. जुनी पोर्शे घेणारे ती आवर्जून काढून बघतात. या नोंदी दोन्हीकडून बोलतात हे ध्यानात असू द्या. तुम्ही इंजिनाचा सॉफ्टवेअर ट्यून करून घेतला असेल तर फोक्सवॅगन गटात डीलरच्या मशीनला जोडताच ते उघड होऊ शकतं आणि कंपनीच्या नोंदीत ‘टीडी१’ असा शिक्का लागतो, ज्याने इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी जाते. ट्यून करून वर वॉरंटी मागणाऱ्यांची बाजू मला घेता येत नाही.

बिलावरच्या नको असलेल्या ओळी

नव्या गाडीला इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, उंदीर पळवायचा स्प्रे, अंडरबॉडी कोटिंग या ओळी एस्टिमेटमध्ये दिसल्या तर सरळ खोडायला सांगा. मॅन्युअलच्या वेळापत्रकात ज्या नाहीत त्या गरजेच्या नाहीत. एवढं मात्र खरं, की डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात, म्हणजे जिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं तिथे, ते व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला लागत नाही, त्यामुळे तिथे काजळी साठते. पण हा प्रश्न पुष्कळ किलोमीटरनंतर येतो आणि तेव्हाही बाटली ओतून सुटत नाही.

वॉशिंगलाही मी नाही म्हणतो. जॉब कार्डवर मोठ्या अक्षरात ‘वॉशिंग नको’. शंभर गाड्या पुसलेल्या फडक्यात अडकलेली माती काळ्या रंगावर गोल गोल चरे उमटवते.

बाहेर सर्व्हिस केली तर वॉरंटी जाते का?

अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे, की केवळ बाहेर सर्व्हिस केली म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. स्पेअर पार्ट आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं, बाहेरच्या गॅरेजने हात लावला तर वॉरंटी रद्द अशा अटी घालणं, हा मुद्दा होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत.

हे सगळं असलं तरी माझा सल्ला सरळ आहे. वॉरंटी आहे तोवर वेळापत्रकातली सर्व्हिस डीलरकडेच करा, तारीख आणि किलोमीटर यातलं जे आधी येईल त्याच्या आत. टायर, अलाइनमेंट, पॉलिश बाहेर जिथे तुमचा विश्वास बसला आहे तिथे करा. उद्या लाखाच्या क्लेमसाठी भांडायची वेळ आली तर सर्व्हिसच्या अखंड नोंदीइतकं वजन कशालाच नसतं.

आपल्या उन्हाचाही हिशेब

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. एवढ्या उन्हात हवा विरळ होते, टर्बोने दाबल्यावर आणखी तापते, आणि ती निववणाऱ्या इंटरकूलरला ती पुरेशी थंड करता येत नाही. इंजिनचा कंप्युटर मग स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो. त्यामुळे मे महिन्यात ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार घेऊन जाण्याआधी तीच गाडी पहाटे चालवून पाहा. पहाटे ठीक असेल तर दोष गाडीचा नाही. पहाटेही ओढत नसेल तर मात्र ‘नॉर्मल आहे’ हे उत्तर घेऊ नका; स्कॅन रिपोर्टचं प्रिंट मागा.

उन्हाळ्यात कूलंटमध्ये नुसतं पाणी टाकून टॉप-अप करतात का तेही विचारा. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, आणि नागपूरच्या टोकाला शिवमडक्याहून निघाल्यावर तासन्‌तास तोच वेग राहतो. टायर, कूलंट, बोल्ट, सगळ्यांची परीक्षा त्या सिमेंटवर होते. सर्व्हिसच्या दुसऱ्याच दिवशी मी लांब निघत नाही. आधी दोन-तीन दिवस गावात चालवतो, सकाळी गाडीखाली ऑइलचा थेंब पडला का बघतो.

चूक झालीच तर

तोंडी भांडू नका, लिहा. त्याच दिवशी, फोटोसह, सर्व्हिस मॅनेजरला मेल. दोन-तीन दिवसांत काही झालं नाही तर तोच मेल कंपनीच्या ग्राहक सेवेला, डीलरला कॉपीत ठेवून. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत आहे का हे सही करण्याआधी वाचा. ‘आवाज येतो’ आणि ‘साठच्या वेगात, तिसऱ्या गिअरमध्ये, खड्ड्यावर पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक’ यात दुरुस्ती होण्या-न होण्याइतका फरक आहे. बदललेले पार्ट परत मागा. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीला परत जातो, तो मिळणार नाही. पैसे देऊन बदललेला मात्र तुमचा.

तरीही हात झटकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतल्या उणिवेसाठी दाद मागता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे काम पुण्या-मुंबईत झालं असलं तरी नागपुरात. सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. माझ्यावर ती वेळ आली नाही.

दुसऱ्या सर्व्हिसला मी मंगळवार निवडला, महिन्याची दहा तारीख. शनिवारी आणि महिनाअखेरीला कोणाला मान वर करायला फुरसत नसते. ज्या फोरमनने मागच्या वेळी जादाचं ऑइल काढून दिलं होतं त्यांना भेटायचं आहे असं ॲडव्हायझरला सांगितलं. पन्नाशीचे गृहस्थ, हाताच्या रेषांत काळं बसलेलं. त्यांनी मला बेमध्ये बोलावून घेतलं, डब्यावरचा क्रमांक मॅन्युअलशी माझ्या समोर जुळवला, चार लिटर ओतलं आणि इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं. मग आम्ही दोघं दहा मिनिटं नुसते उभे होतो, ऑइल खाली उतरण्याची वाट बघत. डिपस्टिक पुसून घातली, काढली, उजेडात धरली. आणखी थोडंसं ओतलं. परत तेच. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या बाजूला. चाकं बसवून झाल्यावर त्यांनी टॉर्क रेंच माझ्या हातात दिला आणि शेवटचा बोल्ट मला आवळू दिला. टक.

नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर आधीच लिहून ठेवले होते. गेटपास देताना म्हणाले, ‘पुढच्या टायमाला जॉब कार्डवर माझं नाव टाकायला लावा साहेब. ही गाडी मीच घेत जाईन.’